बालशाळा उभारणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

सोलापुरात बालशाळा सुरू करणाऱ्या अनेकांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याच अडचणी भेडसावू लागतात. मुले दाराशी येऊन रडतात, शिकवणाऱ्या ताया वर्ष संपण्याआधीच सोडून जातात आणि पालक 'अजून अक्षरे का येत नाहीत' असे विचारू लागतात. या तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या, तरी माझ्या मते त्यांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते, आणि ते म्हणजे शाळा काढणारी व्यक्ती हळूहळू वर्गापासून दूर गेलेली असते.

प्रवेश, शुल्क, गणवेश, स्नेहसंमेलन यांत संस्थाचालकांचा दिवस संपतो आणि वर्गात जाणे होते ते फक्त पाहुणे आल्यावर. यावर उपाय एकच आहे. रोज निदान अर्धा तास हातात कोणतीही नोंदवही न घेता सतरंजीवर मुलांमध्ये बसावे. कोणते मूल एकटे खेळते, कोणाला शू सांगायला संकोच वाटतो, ताई खाली बसून बोलते की उभ्यानेच सूचना देते, हे कार्यालयातून कधीच कळत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले, त्या कामात अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि त्यातूनच अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. आपल्या शाळेचे नियम ठरवताना हा निर्णय मला वारंवार आठवतो, कारण मुले येत नाहीत याचा दोष त्यांनी मुलांना दिला नाही.

सोलापुरात सर्वाधिक दुर्लक्ष होते ते भाषेकडे. पूर्व भागातल्या कित्येक घरांत तेलुगू बोलली जाते, शिवाय कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबेही शहरभर आहेत. तीन वर्षांचे मूल 'नीळ्ळु' म्हणत असेल आणि ताईला ते पाणी मागत आहे हे समजत नसेल, तर त्याच्या रडण्याला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. अशा वर्गावर 'इंग्रजीतच बोला' हा नियम लादला, तर मूल गप्प बसते आणि त्या गप्प बसण्यालाच आपण शिस्त समजतो. ताया निवडताना वस्तीतली भाषा येणारी निदान एक तरी असावी. ते शक्य नसेल, तर पाणी, भूक, दुखणे, आई, शू एवढे शब्द मुलांच्या घरच्या भाषांत लिहून भिंतीवर लावावेत आणि प्रमुखांनी ते स्वतः आधी शिकावेत.

पालकांच्या आग्रहाला घाबरून तिसऱ्या वर्षीच पेन्सिल हातात देणे ही आणखी एक चूक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळ व कृती यांतून शिकण्यावर भर आहे. परंतु धोरणाचा कागद दाखवून पालकांचे समाधान होत नाही. त्यांना वर्गात बोलवावे आणि मणी ओवणे, डाळ निवडणे, माती मळणे यांतून बोटे कशी तयार होतात हे प्रत्यक्ष पाहू द्यावे. विडी वळणाऱ्या आईला किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या वडिलांना हाताला वळण लागायला वेळ लागतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मार्चपासून पत्र्याच्या खोलीत अकरानंतर मुले चिडचिडी होत असतील, तर आधी शाळेची वेळ सकाळी लवकर आणावी.

ताया टिकत नसतील, तर पगार वेळेवर होतो का आणि एका ताईकडे किती मुले आहेत, या दोन गोष्टी सर्वांत आधी तपासाव्यात. पालकांसमोर ताईला कधीही टाकून बोलू नये. त्याचबरोबर सगळे निर्णय संस्थापकांच्याच हाती राहिले, तर त्या आजारी पडल्यावर खाऊचे सामान कोणी आणायचे येथपासून शाळा अडते. अनुभवी ताईला पालकसभा, खरेदी आणि हिशेब यांत सुरुवातीपासून सोबत घ्यावे. जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा संपल्यावर एक पूर्ण आठवडा शाळा तिच्यावर सोपवावी आणि त्या आठवड्यात काय अडले, ते दोघींनी एकत्र बसून लिहून काढावे.