हेवी बाईक घरी उचलून चाक काढताय? मग या चुका टाळा

लडाख-स्पितीचा सीझन जवळ आला की सोसायटीच्या पार्किंगमध्ये नवे मेकॅनिक उगवायला लागतात. हातात नवाकोरा टूलकिट आणि मोबाईलवर अर्धवट बघितलेला व्हिडिओ. घरी काम करूच नका असं मी म्हणत नाहीये, टायर, ब्रेक पॅड, बेअरिंग, चेन-स्प्रॉकेट (चेन आणि तिचं दातेरी चाक) सगळं घरी होतं. पण रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आहे १९९ किलोची, सुपर मिटिअर ६५० तर २४१, आणि ही मंडळी तिला कॉलेजातली शंभर सीसी समजून हात घालतात.

ज्या चुकीचा मला खरंच कंटाळा आलाय ती म्हणजे बाईक आधी स्टँडवर चढवायची आणि मग ॲक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, नट खोलायला घ्यायचा. अरे बाबा, सेंटर स्टँडवरून बाईक उतरवताना आपण काय करतो? पुढे ढकलतो. मग पान्यावर लाथा घातल्यावर ती दुसरं काय करणार?

आमच्या खालच्या पार्किंगमधला एक पोरगा ट्रिपच्या आदल्या रात्री (हे लोक आदली रात्रच का निवडतात देव जाणे) हिमालयनचा मागचा टायर बदलायला बसला. नट जाम होता, म्हणून पान्याला लोखंडी पाईप अडकवला आणि वरून पाय देऊन जोर. मी म्हटलं आधी खाली घे, चाकं जमिनीवर असताना ढिला कर, तर म्हणे काका दोनच मिनिटं. तिसऱ्या की चौथ्या झटक्याला बाईक पुढे सरकली, स्टँड मिटला आणि सगळं धूड उजवीकडे शेजारच्या स्कूटरवर. ब्रेक लिव्हर तुटला, पॅनिअरचा (बाजूच्या सामानाच्या पेटीचा) रॅक वाकला, स्कूटरवाल्यांनी कमिटीत तक्रार केली ती वेगळीच. पोरगा डावीकडे उभा होता म्हणून पाय वाचला. आणि त्याने काय करावं, तर पडती बाईक धरायला हात पुढे केला! पडत असेल तर सोडा आणि मागे व्हा, लिव्हर नवा मिळतो.

माझी सवय सांगतो. बाईक साईड स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये, दुसऱ्या माणसाने हँडल धरलेलं, तेव्हाच नट कडकड आवाज येईपर्यंत ढिला करायचा, मग परत हाताने बसवायचा आणि नंतरच उचलायची. वर असताना जोराचं काम शून्य. वर चढवली की पुढचा ब्रेक सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने आवळून बांधतो, आणि सेंटर स्टँडपासून पुढच्या चाकापर्यंत रॅचेटचा (खटक्याने आवळायचा) पट्टा ओढून घेतो, म्हणजे स्टँडला मिटायला जागाच राहत नाही. पट्ट्याला चारपाचशे रुपये जातात, पण ‘कशाला एवढं’ म्हणणारेच नंतर टाकीचा डेंट काढायला किती घेतात ते विचारायला येतात.

चढवताना हाताने उचलू नका, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले की सगळं वजन पायाने स्टँडवर द्या, बाईक आपोआप मागे येते. जमत नसेल तर मागच्या चाकाखाली प्लायचा तुकडा घाला. सामान, टॉप बॉक्स आधी उतरवा, हे सांगावं लागतं हेच नवल आहे.

जागा सपाट हवी. पेव्हर ब्लॉक हलतात, मे महिन्यात डांबर मऊ होऊन स्टँड रुततो, पावसाळ्यात टाईल्सवर तर नकोच. स्टँडखाली जाड प्लाय टाका.

पुढचं चाक काढताना जॅक लागतोच. तो ऑइल फिल्टरला, सायलेन्सरच्या बेंडला किंवा थेट सम्प गार्डच्या (इंजिनाखालच्या संरक्षक) पत्र्याला लावू नका, फ्रेमच्या दोन्ही पाईपांवर टेकेल असा लाकडी ठोकळा मध्ये घाला. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक नकोत, ते तडकताना आधी सांगत नाहीत. पंख्याच्या हुकाला दोरी बांधून हँडल वर ओढणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

पॅडॉक स्टँड (बाहेरून लावायचा, एकेक चाक उचलणारा सुटा स्टँड) असेल तर आधी मागचा, मग पुढचा, आणि लावताना दुसरा माणूस पाहिजेच.

आता जी बघून माझं डोकंच फिरतं ती गोष्ट. मागचं चाक वर आहेच, म्हणून इंजिन चालू करून पहिल्या गिअरमध्ये चेन फिरवत ठेवायची आणि हातात फडकं घेऊन पुसायची. फडकं चेनमध्ये अडकलं की हात त्याच्यासोबत स्प्रॉकेटकडे जातो, आणि तिथे बोट शिल्लक राहत नाही. सोडवायला वेळच मिळत नाही. मेकॅनिक करतो म्हणून तुम्ही करू नका, त्याचीही बोटं एकदा मोजून बघा. इंजिन बंद, न्यूट्रल, चाक हाताने फिरवा, ब्रश लांब दांड्याचा घ्या. दहा मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

स्पेसर (ॲक्सलवर चाकाच्या दोन्ही बाजूंना बसणारी नळकांडी) कुठल्या बाजूला कुठला होता त्याचा काढण्याआधी फोटो काढा. कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) ब्रेकच्या होजवर, म्हणजे नळीवर, लोंबकळत ठेवू नका, तारेने टांगा. एबीएस सेन्सरची वायर ओढली जात नाही ना बघा. चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका, कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात.

परत जोडल्यावर चेनचा ढिलेपणा बघून नट हाताने बसवा, बाईक खाली घ्या आणि शेवटचा टॉर्क (नट आवळायचा ठरलेला जोर) तिथेच द्या, आकडा मॅन्युअलमध्ये असतो, ‘अंदाजे घट्ट’ नावाचा टॉर्क नसतो. मग जागेवरच दोन्ही ब्रेक पंप करा, लिव्हर आणि पेडल कडक लागेपर्यंत, कारण कॅलिपर परत बसवल्यावर पहिला दाब बऱ्याचदा पोकळ जातो आणि तो तुम्हाला सोसायटीच्या उतारावर, गेटच्या अलीकडे कळायला नको.