सॉफ्ट कोरल मिटलं म्हणजे मेलं नव्हे: खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये या चुका टाळा

लेदर कोरल, म्हणजे चामड्यासारख्या अंगाचं सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ), अधूनमधून पॉलिप (अंगावरची फुलासारखी तोंडं) आत ओढून घेतं आणि तसंच बसून राहतं. छत्री आक्रसते, रंग मळकट होतो, वर मेणचट, चकचकीत पापुद्रा चढतो आणि दोनचार दिवसांत त्यावर शेवाळ धरायला लागतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मग कोरल उचलून दिव्याखाली नेलं जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली आणलं जातं, घाईघाईने अर्धं पाणी बदललं जातं, वर आयोडीनचे थेंब पडतात. धडधाकट असलेलं कोरल मग खरोखरच आजारी पडतं.

सॉफ्ट कोरल दुर्लक्षाने जेवढी मरतात त्यापेक्षा अशा धावपळीने जास्त मरतात, असं माझं ठाम मत आहे. खालच्या बहुतेक चुकाही त्याच जातीच्या आहेत: गरज नसताना काहीतरी करून बसण्याच्या.

कात टाकणाऱ्या कोरलला आजारी समजणं

सार्कोफायटॉन, सिन्युलारिया, लोबोफायटम ही लेदर कोरल मधूनमधून अंगावरचा वरचा थर टाकून देतात. साचलेला गाळ, शेवाळ, जिवाणू त्यांना असेच झटकता येतात. हे काही दिवसांत आटोपतं, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. शेवटी पापुद्रा कडेने सुटतो, पाण्यात फडफडत राहतो आणि खालून उजळ रंगाचं कोरल दिसायला लागतं. या काळात त्याला एकच मदत हवी असते, ती म्हणजे प्रवाहाची. पॉवरहेडचं (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपाचं) तोंड थोडं वळवून पापुद्र्याखाली पाणी खेळेल असं करा. फारच चिकटून राहिला तर पिपेटने टँकचंच पाणी हलकेच मारा. नखाने किंवा चिमट्याने ओढू नका. खालची ऊती अजून कोवळी असते, ती फाटते आणि तिथून सड लागते.

आता खरी सड कशी ओळखायची ते पाहू, कारण तिथे वाट पाहणं परवडत नाही. कात टाकणाऱ्या कोरलचा देठ ताठ असतो. हातमोजा घालून बोटाने हलकेच दाबलं तर तो रबरासारखा घट्ट लागतो आणि अंगाचा रंग सगळीकडे सारखाच मळका असतो. सडणाऱ्या कोरलवर मात्र एखादीच जागा वेगळी दिसते: काळपट, तपकिरी किंवा पांढुरकी, मऊ पडलेली. तिथली ऊती तंतू तंतू होऊन सुटते. कोरल पाण्याबाहेर काढलं की कुजका वास येतो.

अशी जागा दिसली तर ती कापून काढा. टँकमध्येच कात्री चालवू नका, टँकचं पाणी घेतलेल्या वेगळ्या भांड्यात काम करा. नवं धारदार पातं घ्या आणि सडक्या भागाच्या थोडं पलीकडे, निरोगी उतीतून कापा. काठावर काळं काही राहिलं तर पुन्हा पसरतं. कापलेलं कोरल टँकच्याच ताज्या पाण्यात दोनतीनदा खळबळून घ्या, भांड्यातलं पाणी फेकून द्या आणि कोरल चांगल्या प्रवाहात ठेवा. नुसती छत्री वाचली तरी हरकत नाही. तिला नवा देठ फुटतो आणि उरलेल्या बुंध्यालाही पुन्हा छत्री येते. या प्राण्यांची ही ताकद माहीत असली की कापायला हात कचरत नाही.

रंग पाहून भुलणं

विक्रीला ठेवलेल्या कोरलमध्ये सगळ्यात देखणं असतं ते बहुतेकदा डेंड्रोनेफ्थिया: लाल, नारिंगी, जांभळ्या फांद्या, पारदर्शक देठ. ते घेऊ नका. टँकमध्ये ठेवल्या जाणाऱ्या बहुतेक सॉफ्ट कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशातून तयार झालेलं अन्न कोरलला पुरवतं. डेंड्रोनेफ्थियामध्ये हे शैवाल नसतंच. तांबड्या समुद्रातल्या याच्या जातीवर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की हे कोरल मुख्यतः पाण्यातून वाहत येणाऱ्या वनस्पती-प्लवकांवर जगतं. म्हणजे रात्रंदिवस वाहतं अन्न आलं. घरच्या टँकमध्ये तेवढं अन्न सोडलं तर पाणी नासतं, नाही सोडलं तर कोरल आठवड्या-महिन्यांत झिजत जातं. ते 'सोपं' म्हणून विकलं जातं याचा मला मनापासून राग येतो.

दुसरा सापळा रंगवलेल्या कोरलचा. एकसारखं भडक पिवळं, गुलाबी किंवा निळं लेदर कोरल, ज्याच्या पॉलिपपासून देठापर्यंत तीच छटा आहे, ते संशयास्पद समजा. तसंच पांढरंफेक पडलेलं कोरल 'दुर्मीळ' नसतं, त्याने आतलं शैवाल गमावलेलं असतं.

सुरुवातीला मशरूम, केनिया ट्री, सिन्युलारिया, टोडस्टूल लेदर आणि झोआ (बटणांसारख्या पॉलिपची वसाहत) एवढ्यातूनच निवडा. टँकमध्ये वाढवलेला फ्रॅग (मोठ्या कोरलचा कापलेला तुकडा) समुद्रातून काढलेल्या कोरलपेक्षा केव्हाही चांगला. तो कृत्रिम दिवा आणि डब्यातलं मीठ यांना सरावलेला असतो. फ्रॅग प्लगवर (तो ज्या छोट्या बैठकीवर बसवतात तिच्यावर) स्वतःच्या बुंध्याने पसरलेला आहे की कालच कापून चिकटवला आहे ते पाहा. पॉलिप उघडे असताना पाहा आणि शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी पाहा.

सोबत एक भिंग असू द्या. खऱ्या सॉफ्ट कोरलच्या प्रत्येक पॉलिपला आठ शुंडके असतात आणि त्यांच्या कडांना पिसासारखी झालर असते. मशरूम आणि झोआ शास्त्राच्या दृष्टीने या गटातले नाहीत, पण निगा बरीचशी तीच, म्हणून त्यांनाही याच ओळीत धरतात. भिंगाचा दुसरा उपयोग प्लगचा बुंधा तपासायला होतो. तिथे बारीक तपकिरी ऐप्टेसिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल), झोआ खाणाऱ्या न्यूडिब्रँकची (कवच नसलेल्या समुद्री गोगलगाईची) अंड्यांची वेटोळी किंवा चपटे कृमी दिसू शकतात.

थेट टँकमध्ये सोडणं

पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. तापमान जुळवा, थोडं थोडं टँकचं पाणी मिसळा आणि कोरल डिपच्या द्रावणात त्याच्या बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरतंच बुडवा. डिप किडे मारतं, अंडी बहुधा वाचतात. म्हणून जुना प्लग शक्यतो काढूनच टाका.

नव्या टँकची घाई, आणि उलट्या टोकाची स्वच्छता

नवा टँक सायकल व्हायला (अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू त्यात रुजायला) साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की लोक कोरल आणायला धावतात. त्यानंतरही काही आठवडे थांबावं, कारण शैवालाच्या लाटा येऊन जायच्या असतात आणि रोज किती पाणी उडतं, क्षार किती हलतात हे अजून कळलेलं नसतं.

'सॉफ्ट कोरलला घाण पाणी आवडतं' असं सर्रास ऐकू येतं. ते अर्धवट खरं आहे. त्यांना थोडं नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं. नायट्रेट लिटरला ५ ते १५ मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम असेल तर झकास. मोठा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), फॉस्फेट शोषणारं माध्यम आणि वर जिवाणूंचं खाद्य असं सगळं एकदम लावून दोन्ही शून्यावर आणले की लेदर आक्रसतात, मशरूम लहान होत जातात आणि रिकाम्या झालेल्या जागेत डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थर वाळूवर पसरतो. तो घालवणं नायट्रेट कमी करण्यापेक्षा कितीतरी अवघड. पण म्हणून नायट्रेट पन्नास-साठवर नेऊन 'आवडतं त्यांना' म्हणणंही बरोबर नाही.

आकड्यांपेक्षा आकडे हलणं जास्त घातक. क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट घनता १.०२६ च्या आसपास, तापमान २४ ते २६ अंश आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक) ठेवली की पुरे. पाणी उडतं तेव्हा मीठ मागेच राहतं, त्यामुळे रोजची भर गोड्या आरओ-डीआय (गाळून शुद्ध केलेल्या) पाण्याचीच घाला. मिठाचं पाणी घालत राहिलात तर क्षारता गुपचूप चढत जाते. आणि रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य करून समाधान मानू नका. ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर तो तपासा. अनेक 'गूढ' आजारांचं उत्तर तिथे सापडतं.

दिवा आणि प्रवाह

बहुतेक सॉफ्ट कोरलला ५० ते १५० पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाशाचं माप) एवढा प्रकाश पुरतो, मशरूमना त्याहूनही कमी. नवं कोरल आधी खाली, वाळूजवळ ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर न्या किंवा दिव्याची तीव्रता वाढवा. प्रकाश जास्त झाला तर कोरल फिकं पडतं आणि आक्रसतं. कमी पडला तर तपकिरी होतं आणि दिव्याकडे मान लांबवतं. एकदा जागा बदलली की निदान आठवडाभर हात लावू नका. रोज हलवलेलं कोरल कुठल्याच जागेला सरावत नाही.

प्रवाह मध्यम आणि उलटसुलट हवा. पॉवरहेडची धार एकाच बाजूने सरळ अंगावर आली तर त्या बाजूचे पॉलिप उघडत नाहीत.

मशरूमचं एक वेगळं सांगतो. त्याच्या अंगावर इतका चिकटा असतो की ग्लू धरत नाही, ते सुटून प्रवाहाबरोबर जातं आणि पंपात सापडतं. एका छोट्या वाटीत खडकाचे तुकडे टाका, वर मशरूम ठेवा, जाळीचं कापड रबरबँडने बांधा आणि वाटी मंद प्रवाहात, कमी उजेडात ठेवा. एक-दोन आठवड्यांत ते एखाद्या तुकड्याला स्वतःच धरतं. मग तो तुकडा हवा तिथे चिकटवा.

शेजाऱ्यांचा विचार न करणं

सॉफ्ट कोरलला दगडी सांगाडा नाही, लांब डंख मारणारे शुंडकेही नाहीत. त्यांचं शस्त्र रासायनिक आहे. सिन्युलारिया, सार्कोफायटॉन यांसारखी कोरल टर्पीन गटातली द्रव्यं पाण्यात सोडतात. ग्रेट बॅरियर रीफवर १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत या द्रव्यांमुळे शेजारच्या दगडी कोरलची वाढ खुंटते, ऊती मरतात असं दिसून आलं. समुद्रात ती लगेच वाहून जातात. दोनशे लिटरच्या टँकमध्ये मात्र तेच पाणी फिरून फिरून सगळ्यांच्या अंगावरून जातं.

त्यामुळे ॲक्रोपोरासारखं दगडी कोरल आणि मोठं लेदर एकत्र ठेवायचंच असेल तर ॲक्टिव्हेटेड कार्बन कायम चालू ठेवा आणि तो महिन्याच्या आत बदला. लेदर कापल्यावर, ते कात टाकत असताना किंवा कुणी त्याला डिवचल्यावर ताजा कार्बन घाला. पाण्याचे सगळे आकडे ठीक असूनही दगडी कोरल उघडत नसतील तर संशयाची सुई आधी मोठ्या लेदरकडे वळवा.

ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया यांचा त्रास वेगळा. ती मारत नाहीत, जागा बळकावतात. ग्रीन स्टारचा जांभळा चटईसारखा बुंधा खडकावरून काचेवर चढतो आणि वाटेतल्या कोरलवरूनही जातो. दोघांनाही मुख्य खडकापासून दूर, वाळूवरच्या सुट्या दगडावर ठेवा. एकदा मुख्य खडकात शिरली की खरवडून निघत नाहीत. राहिलेल्या कणापासून पुन्हा उगवतात.

औषधं

माशांना पांढरे ठिपके आले म्हणून तांब्याचं औषध मुख्य टँकमध्ये कधीही टाकू नका. कोरल, गोगलगाई, कोळंबी सगळं मरतं. मासे वेगळ्या टँकमध्ये काढून औषध द्या. आयोडीनबद्दल एवढंच: जे मोजत नाही ते घालू नका. नियमित पाणी बदलण्यातून सॉफ्ट कोरलला पुरेसं मिळतं.

झोआ हाताळताना बेफिकीर राहणं

ही चूक कोरलच्या नव्हे, तुमच्या जिवावर येऊ शकते. पॅलिथोआ (झोआचे जवळचे नातेवाईक) आणि काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. हवाईतल्या पॅलिथोआपासून ते १९७१ मध्ये वेगळं करण्यात आलं आणि निसर्गात माहीत असलेल्या अत्यंत जहाल विषांमध्ये त्याची गणना होते. कोणत्या झोआत ते किती आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच विषारी धरून चाला.

झोआ लागलेला खडक उकळू नका, त्यावर गरम पाणी किंवा वाफ मारू नका, कोरड्या खडकावर ब्रश घासू नका. घरातल्या सगळ्या माणसांना एकदम विषबाधा झाल्याच्या घटना अशाच कामांतून घडलेल्या आहेत, कारण वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर विष श्वासात जातं. कापताना हातमोजे आणि डोळ्यांना झाकणारा चष्मा हवाच. पॉलिप दाबला गेला की पाण्याची चिळकांडी सरळ तोंडावर उडते. हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम पुढे ढकला. वापरलेली पाती आणि भांडी पातळ केलेल्या ताज्या ब्लीचमध्ये अर्धा तास बुडवून मग धुवा आणि ती स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

काम झाल्यावर तोंडात धातूसारखी चव, ओठ-बोटांना बधिरपणा, धाप, थंडी-ताप, स्नायूंमध्ये वेदना किंवा डोळ्यांची आग यांपैकी काहीही सुरू झालं तर सगळ्यांना त्या खोलीतून बाहेर काढा आणि तडक दवाखान्यात जा. डॉक्टरांनी हे नाव ऐकलेलं असेलच असं नाही, म्हणून 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द कागदावर लिहून सोबत न्या.