अडकलेल्या चाचणीपाशी बसण्यापूर्वीची तयारी

इंटेल किंवा एएमडीच्या यंत्रावर महिनोन्‌महिने सुरळीत चालणारी स्वयंचलित चाचणी एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या यंत्रावर रात्री दोनच्या सुमारास अडकते, सीआय (चाचण्या आपोआप चालवणारी व्यवस्था) तिला ठरलेल्या वेळेनंतर मारून टाकते, आणि सकाळी हिंजवडीची कोंडी पार करून कार्यालयात पोचलेल्या माणसाच्या हाती ‘वेळ संपली’ एवढी एकच ओळ लागते. अशा वेळी बहुतेक ठिकाणी वेळेची मर्यादा दुप्पट केली जाते किंवा ती चाचणी त्या आर्किटेक्चरपुरती (प्रोसेसरच्या जातीपुरती) वगळली जाते. मी स्वतः हे दोन्ही करून पाहिले आहे, आणि दोन्ही वेळा तोच दोष काही महिन्यांनी प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रावर पुन्हा भेटला. म्हणून पुढे दिलेली तयारी चाचणी अडकण्याच्या आधीच करून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगतो, कारण एकदा प्रोसेस मारली गेली की या तयारीतले निम्मे काही करता येत नाही.

सर्वांत आधी वेळ संपल्यावर काय घडावे ते ठरवावे. सरळ ‘किल’ सिग्नल पाठवला तर प्रोसेस पुरावा न ठेवता जाते. त्याऐवजी लिनक्सवरील टाइमआउट आज्ञेला आधी ‘अबॉर्ट’ सिग्नल पाठवायला सांगावे, म्हणजे कोअर फाइल (त्या क्षणीच्या प्रोसेसच्या मेमरीची प्रत) तयार होते, आणि तेवढ्याने प्रोसेस संपली नाही तर मिनिटभराने ‘किल’ पाठवावा. कोअर फाइलच्या आकाराची मर्यादा शून्य तर नाही ना, हे पाहून ठेवावे. शिवाय ती कुठे लिहिली जाईल हे कंटेनरच्या (यंत्रावर वेगळ्या ठेवलेल्या वातावरणाच्या) आत नव्हे तर मूळ यंत्राच्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) ठरते, हे लक्षात न आल्यामुळे अनेकांची शोधाशोध वाया जाते. पायथनच्या चाचण्यांसाठी फॉल्टहँडलर हे मॉड्यूल ठराविक सेकंदांनी सर्व थ्रेडचे (प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यांचे) स्टॅक, म्हणजे कोणते फंक्शन कुणी बोलावले त्याची साखळी, छापू शकते. गो भाषेची चाचणी व्यवस्था दहा मिनिटांच्या मूळ मर्यादेनंतर सगळ्या गोरूटीन (गोच्या हलक्या थ्रेड) स्वतःच दाखवते, आणि जावाच्या प्रोसेसला ‘क्विट’ सिग्नल पाठवला की ती न मरता थ्रेडची स्थिती सांगते. सी आणि सी++ साठी मात्र जीडीबी हा डीबगर हाती हवा, आणि तो चालू प्रोसेसला जोडण्याची परवानगीही हवी. उबुंटूसारख्या वितरणांत साधा वापरकर्ता आपण सुरू न केलेल्या प्रोसेसला असा जोडू शकत नाही, आणि कंटेनरला ही मुभा वेगळी द्यावी लागते. डीबग चिन्हे (पत्त्यांना फंक्शनांची नावे जोडणारी माहिती) त्याच बिल्डची असावीत. नंतर पुन्हा बांधलेल्या फाइलवर अवलंबून राहू नये.

स्टॅक एकदाच घेऊन थांबू नये. तीस-तीस सेकंदांच्या अंतराने तीनदा घ्यावा आणि त्यासोबत प्रत्येक थ्रेडने किती सीपीयू वेळ खाल्ला तेही नोंदवावे. एक थ्रेड शंभर टक्क्यांवर असेल तर ती वळसे घेत (तेच काम पुन्हापुन्हा करत) बसली आहे, सगळ्या शून्यावर असतील तर कुणीतरी कधीच न येणाऱ्या हाकेची वाट पाहत आहे, आणि स्टॅक दर वेळी बदलत असेल तर चाचणी अडकलेली नसून नुसती सावकाश आहे. या तिसऱ्या शक्यतेला पुण्यात आणखी एक कारण असते. एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीत, पंख्याविना ठेवलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक 80 अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि सकाळी चार मिनिटांत संपणारी चाचणी दुपारी संपत नाही. तापमानाची नोंद लॉगमध्ये असली तर हा प्रश्न दोन मिनिटांत निकाली निघतो.

यानंतर यंत्राची ओळख लिहून ठेवावी. ‘एआरएम’ एवढी नोंद पुरत नाही. प्रोसेसरचा नेमका प्रकार, कोअरची (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-भागांची) संख्या, कर्नलची आवृत्ती, पेज साइझ (मेमरीच्या एका तुकड्याचा आकार), कंपायलर व त्याचे पर्याय, आणि यंत्र खरे आहे की क्यूईएमयूने (दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने) उभे केलेले आहे, हे सर्व प्रत्येक लॉगच्या डोक्यावर आपोआप छापले जावे. रास्पबेरी पाय 4 आणि 5 ही दोन्ही 64 बिटांची एआरएम यंत्रे आहेत, तरी पहिल्यात कॉर्टेक्स-ए72 आहे व दुसऱ्यात कॉर्टेक्स-ए76. अणुक्रियांसाठीच्या (मध्ये खंड न पडता एका दमात होणाऱ्या क्रियांसाठीच्या) ज्या नव्या सूचना एआरएमने 8.1 आवृत्तीत आणल्या त्या पहिल्यात नाहीत आणि दुसऱ्यात आहेत. रास्पबेरी पायच्या स्वतःच्या 64 बिटी प्रणालीत पहिल्यावर पेज 4 किलोबाइटचे असते, तर दुसऱ्यावर मुळातच 16 किलोबाइटचे. एकावर अडकणारी चाचणी दुसऱ्यावर न अडकण्याला इतका फरक पुरेसा असतो.

आता ज्या संशयितासाठी सर्वाधिक तयारी लागते त्याकडे वळतो, तो म्हणजे मेमरीतील लेखनांचा क्रम. एक थ्रेड रांगेत काम टाकते आणि ‘तयार’ अशी खूण करते. दुसरी ती खूण पाहून रांग वाचते. एक्स86 (इंटेल-एएमडीच्या जातीच्या) प्रोसेसरवर एका कोअरने केलेली दोन लेखने दुसऱ्या कोअरला त्याच क्रमाने दिसतात, त्यामुळे लिहिणाऱ्याने क्रमाची कोणतीही हमी मागितली नसली तरी त्याचे निभावते. एआरएम, पॉवर आणि रिस्क-फाइव्ह या जातींवर ती हमी मागितल्याशिवाय मिळत नाही. तेथे खूण आधी दिसू शकते आणि काम नंतर. मग दुसरी थ्रेड रिकामी रांग पाहून झोपी जाते, तिला उठवणारा सिग्नल आधीच येऊन गेलेला असतो, आणि दोघी एकमेकींची वाट पाहत राहतात. दोष प्रोसेसरचा नाही. सी आणि सी++ च्या 2011 च्या मानकांनी अणुचल (अणुक्रियांनी हाताळायचे चल) आणि क्रमाची हमी मागण्याची रीत दिली आहे. ती न वापरता, क्रमाची हमी न देणारा ‘व्होलटाइल’ हा शब्द लिहून भागवलेले असेल तर कोड चुकीचा आहे, मग इंटेलवर तो कितीही वर्षे चालला असो.

या संशयाची परीक्षा घेण्यासाठी तीन गोष्टी तयार ठेवाव्यात. पहिली, तीच चाचणी टास्कसेट या आज्ञेने एकाच कोअरवर बांधून चालवण्याची सोय, कारण कोअरला स्वतःची लेखने नेहमी क्रमानेच दिसतात. एका कोअरवर अडकणे थांबले आणि अनेकांवर परत आले तर संशय बळावतो, आणि उलट एका कोअरवर अडकणे वाढले तर कुणीतरी प्रोसेसर न सोडता नुसते वळसे घेत वाट पाहत आहे असे समजावे. दुसरी, खरे एआरएम यंत्र. इंटेलच्या लॅपटॉपवर क्यूईएमयूत एआरएम चालवले तर खालचा प्रोसेसर इंटेलचाच क्रम पाळत असतो, त्यामुळे नेमका हाच दोष तेथे झाकला जातो; याउलट क्यूईएमयू स्वतःच्या मर्यादांमुळे काही निर्दोष चाचण्याही अडकवते. ॲपलच्या एम मालिकेवर रोझेटा या अनुवादकामधून चालणाऱ्या एक्स86 प्रोग्रामलाही प्रोसेसर एक्स86 सारखाच क्रम पुरवतो, म्हणून तेथली तपासणी मूळ एआरएम बिल्डवरच व्हावी. तिसरी, थ्रेड सॅनिटायझर लावलेला वेगळा बिल्ड. हे साधन प्रोसेसरने काय केले यापेक्षा कोडने कोणती हमी मागितली ते तपासते, त्यामुळे जो दोष इंटेलवर कधीच अडकत नाही तो इंटेलवरच दाखवून देण्याची क्षमता त्यात आहे. हातात एआरएम यंत्र नसलेल्या माणसाने येथूनच सुरुवात करावी.

शोध चालू असताना कोडमध्ये छपाईच्या ओळी घालण्याचा मोह टाळावा. छपाईत कुलूप (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारी सोय) असते आणि कुलपाबरोबर क्रमाची हमीही येते, त्यामुळे दोष अदृश्य होतो आणि माणूस तो सुटला असे समजतो. जीडीबीत एकेक सूचना पुढे सरकतानाही जपावे. जुन्या एआरएम पद्धतीत अणुक्रिया ही राखीव वाचन आणि सशर्त लेखन अशा जोडीने होते. त्या दोहोंच्या मध्ये थांबले की राखीवपणा सुटतो, लेखन फसते आणि वळसा पुन्हा सुरू होतो, म्हणजे तपासणाराच नवे अडकणे निर्माण करतो.

दुसरा संशयित अगदी साधा आहे आणि म्हणूनच तो उशिरा आठवतो. सी भाषेतील नुसता ‘चार’ (char, एक अक्षर साठवणारा) हा प्रकार लिनक्सवर एक्स86 मध्ये चिन्हासहित (उणे संख्याही धरणारा) असतो, तर एआरएम, पॉवर, एस390 (आयबीएमच्या मोठ्या संगणकांची जात) आणि रिस्क-फाइव्हमध्ये चिन्हरहित. आज्ञेतील पर्याय वाचणाऱ्या फंक्शनचे उत्तर कुणी ‘चार’मध्ये साठवले आणि उणे एक मिळेपर्यंत वळसा चालवला, तर एआरएमवर त्या उणे एकाचे 255 होते आणि वळसा कधीच थांबत नाही. यासाठी वेगळे यंत्रही लागत नाही. जीसीसी या कंपायलरला ‘चार’ चिन्हरहित धरण्याचा पर्याय देऊन इंटेलवरच बिल्ड करून पाहावा, आणि जादा इशारे चालू ठेवावेत. लिनक्स कर्नलनेही 6.2 आवृत्तीपासून सर्व आर्किटेक्चरसाठी चिन्हरहित ‘चार’ स्वीकारला, यावरून हा गोंधळ किती खोलवर असू शकतो ते ध्यानात येईल.

पेज साइझची तपासणी पाइप (एका प्रोसेसकडून दुसरीकडे मजकूर नेणारी वाहिनी) वापरणाऱ्या चाचण्यांत अवश्य करावी. लिनक्समध्ये पाइपची मूळ क्षमता 16 पेजांची असते. पेज 4 किलोबाइटचे असेल तर ती 64 किलोबाइट भरते, आणि पेज 64 किलोबाइटचे असेल, जसे पॉवरवर अनेक वितरणांत असते, तर एक मेगाबाइट. चाचणीने 64 किलोबाइटपेक्षा थोडा अधिक मजकूर ओतून ‘आता पाइप भरला’ या उत्तराची वाट पाहायची असे ठरवले असेल, तर पॉवरवर तो पाइप भरतच नाही आणि ते उत्तर येतच नाही. कोडमध्ये 4096 आणि 65536 हे आकडे शोधून त्यांची यादी आधीच काढून ठेवावी.

बाकीच्या कारणांसाठी एकेक ओळ पुरे. पूर्णांकाला शून्याने भागले तर एक्स86 सिग्नल देतो, एआरएम मुकाट्याने शून्य देतो, त्यामुळे त्या सिग्नलची वाट पाहणारी चाचणी तेथे बसून राहते. एस390 मोठ्या टोकाकडून, म्हणजे सर्वाधिक किमतीचा बाइट आधी असे, बाइट मांडतो, म्हणून 32 बिटांत लिहिलेली 16 ही लांबी उलट वाचली की 26,84,35,456 होते आणि वाचणारा तेवढे बाइट येण्याची वाट पाहतो. दशांश संख्यांच्या वळशांत 32 बिटी एक्स86 चा जुना एफपीयू (दशांश गणित करणारा भाग) जादा अचूकता बाळगतो. जानेवारी 2011 मध्ये 2.2250738585072011 गुणिले 10 चा उणे 308 वा घात ही संख्या वाचताना पीएचपी अशाच यंत्रांवर अंतहीन वळशात सापडत होती. एआरएमवर जीसीसी गुणाकार आणि बेरीज एकत्र करतो, तेव्हा काटेकोर समानतेवर थांबणारे वळसे तेथेही तपासावेत.

यंत्रांची सोय पुण्यात अवघड नाही. एका रास्पबेरी पायवर पहिले तीन-चार संशयित निकालात निघतात. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चौकशी केली तरी चालेल, मात्र सोबत चांगला वीजपुरवठा आणि पंखा घ्यावाच. पॉवर किंवा इतर दुर्मीळ यंत्रे मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना जीसीसी कंपाइल फार्मवर (दुरून वापरता येणाऱ्या यंत्रांच्या समूहावर) मिळू शकतात, तेव्हा खात्याची विनंती गरज पडण्यापूर्वीच करून ठेवावी. ज्या शहरात सी-डॅकने 1991 साली ट्रान्सप्युटर या निराळ्या जातीच्या प्रोसेसरवर परम 8000 हा महासंगणक उभा केला, तेथल्या आपण सर्वांनी एकाच जातीच्या प्रोसेसरवर सगळी चाचणी उरकावी हे मला खरोखर खटकते.

शेवटी, दुरुस्तीनंतर किती वेळा चालवून पाहायचे ते आकड्याने ठरवावे. चाचणी सरासरी 200 पैकी एकदा अडकत असेल, तर दुरुस्ती न करताही ती सलग 50 वेळा न अडकता जाण्याची शक्यता सुमारे 78 टक्के असते. सलग 600 वेळा जाण्याची शक्यता मात्र पाच टक्क्यांच्या आत येते. एका आवर्तनाला दीड मिनिट लागत असेल तर ही 15 तासांची कामगिरी आहे. यंत्र घरी असेल तर ती बुधवारी संध्याकाळी सुरू करू नये, कारण गुरुवारी सकाळी महावितरण अनेक भागांत देखभालीसाठी वीज बंद ठेवते. शुक्रवारी संध्याकाळी सुरू करावी, आणि ‘बंद करू नये’ अशी ठळक चिठ्ठी यंत्राला लावून घरातल्यांनाही तसे सांगून ठेवावे, म्हणजे 412 व्या आवर्तनात ती अडकलीच तर शनिवारी सकाळी जीडीबी जोडायला प्रोसेस जिवंत सापडेल.