लॉ फर्ममध्ये अर्धवेळ काम: व्यवस्था कशी ठरवावी आणि कशी टिकवावी

लॉ फर्ममध्ये अर्धवेळ काम मागून घेणाऱ्या वकिलाची अनेकदा अशी गत होते की पगार पहिल्या महिन्यापासून कमी होतो आणि काम मात्र काही महिन्यांतच पूर्वीइतके होऊन बसते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी आठवड्यातून किती दिवस मोकळे हवेत याचा विचार करण्याआधी, सध्या हातात असलेले कोणते काम कोणाकडे सोपवले जाईल, याचा आराखडा तयार करावा.

त्यासाठी दोन-तीन महिन्यांच्या सर्व तासांची नोंद हाताशी असावी. बहुतेक फर्ममध्ये सहा-सहा मिनिटांच्या हिशोबाने टाइमशीट भरली जात असल्यामुळे बिलेबल तासांचा, म्हणजे पक्षकाराच्या बिलात लावता येणाऱ्या तासांचा, आकडा सहज मिळतो. पण कनिष्ठांचे मसुदे तपासणे, नवीन पक्षकारांशी प्राथमिक बैठका, अंतर्गत समित्या, प्रशिक्षण आणि बिलांची छाननी यांत गेलेला वेळ पुष्कळदा कोठेच लिहिलेला नसतो. नेमका हाच वेळ पुढे अडचणीचा ठरतो. समजा, पूर्णवेळ वकिलाचे वार्षिक लक्ष्य १,८०० बिलेबल तासांचे आहे आणि त्याखेरीज ४०० तास बिलात न येणाऱ्या कामात जातात, म्हणजे एकूण काम २,२०० तासांचे आहे. आता ६० टक्के वेळ आणि ६० टक्के पगार असे ठरले आणि फर्मने फक्त बिलेबल लक्ष्य १,०८० वर आणले, तर उरलेले ४०० तास तसेच राहून बेरीज १,४८० होते. म्हणजे तो वकील ६० टक्के पगारात ६७ टक्के काम करतो. प्रमाणात बसणारा आकडा १,३२० आहे. वर्षाचे ४८ आठवडे कामाचे धरले तर वरचे १६० तास हे अर्धवेळ वकिलाच्या जवळपास सहा आठवड्यांच्या कामाएवढे होतात, आणि ते कोणी मुद्दाम लादलेले नसल्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचे कोणाशी, हेही कळत नाही. करारात टक्केवारी एकूण कामाची लिहून घ्यावी, असा माझा आग्रह आहे तो याचसाठी.

वरिष्ठ भागीदारांना तासांचे लक्ष्य हे व्यवसायाचे अटळ गणित वाटत असेल, तर एक गोष्ट त्यांच्यासमोर शांतपणे मांडता येते. अमेरिकन बार असोसिएशनच्या १९५८ सालच्या एका पुस्तिकेत वकिलाला वर्षाला सुमारे १,३०० तासच बिलात लावता येतील असे धरले होते. आज त्याच देशातील मोठ्या फर्ममध्ये १,८०० ते २,००० तासांची अपेक्षा सर्रास असते. हा आकडा माणसांनीच ठरवत आणि वाढवत नेलेला आहे.

लेखी प्रस्तावात एकूण तास, पगार, बोनस, रजा आणि बढतीचे निकष या प्रत्येकाचा स्वतंत्र उल्लेख असावा. बोनसच्या बाबतीत विशेष दक्ष राहावे, कारण पूर्णवेळेचे लक्ष्य गाठल्याशिवाय बोनस नाही अशी अट असेल, तर अर्धवेळ वकील कितीही उत्तम काम करो, तो आपोआप बाद होतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९४ साली स्वीकारलेल्या १७५ क्रमांकाच्या करारात, केवळ अर्धवेळ असल्याच्या कारणावरून मूळ वेतनाचा ताशी दर पूर्णवेळ कर्मचाऱ्यापेक्षा कमी नसावा, असे तत्त्व आहे. हा करार तो मंजूर केलेल्या देशांवरच बंधनकारक असला, तरी वाटाघाटीत त्याचा आधार घेता येतो. भागीदार मात्र बहुधा कर्मचारी मानले जात नाहीत, त्यामुळे त्यांनी आपला भागीदारी करार आधी वाचावा.

मोकळे दिवस कसे मांडायचे हे कामाच्या प्रकारावर अवलंबून आहे. सल्लागार स्वरूपाच्या कामात किंवा नियमित करारांच्या मसुद्यांत आठवड्याचे ठरावीक दिवस चालतात. न्यायालयीन कामात तारखा आपल्या हातात नसतात आणि सुनावणी सुरू झाली की बुधवार मोकळा ठेवण्याचा हट्ट टिकत नाही. तेथे तास वर्षाच्या हिशोबाने धरावेत आणि सुनावणीच्या काळात जादा झालेले तास पुढील किती आठवड्यांत रजेच्या रूपाने परत मिळतील, हे आधीच लिहून ठेवावे. मोठ्या कंपनी व्यवहारांत, जेथे करार पूर्ण होईपर्यंत रात्रंदिवस काम चालते, तेथे एका वेळी एकच व्यवहार हातात घेण्याची मर्यादा मला अधिक व्यवहार्य वाटते.

प्रत्येक फाइलसाठी एक बदली वकील नेमलेला असावा आणि त्याचे नाव पक्षकाराला माहीत असावे. मोकळ्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी फाइलवर छोटी टीप ठेवावी: शेवटचा पत्रव्यवहार कोणता, पुढची मुदत कोणती, कोणाच्या उत्तराची वाट आहे. मुदत चुकली तर नुकसान पक्षकाराचे होते आणि ठपका वकिलावर येतो. त्यामुळे या टिपेत कसूर होता कामा नये. मोकळ्या दिवशी कोणत्या प्रसंगी फोन करावा, हेही स्पष्ट सांगावे. तातडीचा मनाई आदेश हे योग्य कारण आहे. मसुद्यातील परिशिष्टाचा क्रमांक विचारणे हे नाही. ‘जरा पाच मिनिटे’ म्हणून आलेला फोनही टाइमशीटवर नोंदवावा.

तीन महिन्यांनी ठरलेले आणि प्रत्यक्ष भरलेले तास समोर ठेवून आढावा घ्यावा. दोन आढाव्यांत सलग तास जास्त निघाले तर दोनच मार्ग उरतात, फाइल कमी करणे किंवा पगार वाढवणे, आणि यांपैकी एक लागू होईल असे कलम करारात असावे. याच बैठकीत कामाचा दर्जाही पाहावा, कारण अर्धवेळ वकिलाकडे हळूहळू फक्त कागदपत्रे चाळण्याचे काम येऊ लागते आणि भागीदारीच्या शर्यतीतून तो कोणी न सांगताच बाहेर पडतो. भागीदारीचा विचार थोडा उशिरा होणे समजण्यासारखे आहे. तो किती वर्षांनी होईल, हे मात्र लेखी मागावे. ही सवलत केवळ लहान मुलांच्या मातांसाठी न ठेवता पुरुष वकिलांना, आजारी पालकांची काळजी घेणाऱ्यांना आणि पुढे शिकणाऱ्यांनाही खुली असेल, तर ती मागणाऱ्यावर बसणारा शिक्का पुष्कळ पुसट होतो. मोकळ्या वेळात बाहेर सल्ला देण्याचा किंवा अन्य काम करण्याचा विचार असल्यास, पक्षकारांच्या हितसंबंधांत संघर्ष निर्माण होत नाही याची तपासणी करून फर्मची लेखी परवानगी आधी घ्यावी.