भाजलेलं धनुष्य टिलरिंगला घेण्याआधी

हीट गनने धनुष्याचं पोट (ओढणाऱ्याकडची बाजू) भाजून ते फर्म्यातून, म्हणजे आकार धरणाऱ्या साच्यातून, काढलं की टिलरिंगला (मुठीच्या दोन्ही बाजूंच्या भुजा सारख्या वाकेपर्यंत खरवडायला) हात शिवशिवतात. दोरी लावायची नाही. आधी वजन करायचं. ओढीचं नव्हे, लाकडाचं, ग्रॅममध्ये. मागच्या खेपेला बाकी सगळी हत्यारं हाताशी होती, तेवढा काटाच नव्हता, आणि पाठ (समोरची बाजू) मुठीपासून वीतभरावर काडकन गेली.

पुढचं सगळं धामणीच्या लाकडाच्या, ६६ इंची, रुंद-चपट्या भुजांच्या धनुष्यासाठी आहे. २८ इंच ओढायला ४० पौंड जोर लागतो असं. (धामणीचं संस्कृत नावच धन्वन, यासाठी वेगळं लाकूड शोधत बसू नका.)

भाजताना उष्णता पोटाला दिली तरी पाणी पाठीतूनही जातं. कडक झालेलं पोट दाब चांगला सोसतं. पाठीवर मात्र ताण येतो आणि कोरडी पाठ ताणाखाली काचेसारखी वागते. ९ टक्के ओल असलेला ६०० ग्रॅमचा दांडा ५ टक्क्यांवर आला, म्हणजे २० ते २५ ग्रॅम पाणी उडालं. ते हवेतूनच परत यायचं, आणि त्याला दिवस लागतात. भुजांची टोकं लवकर ओल धरतात, मुठीजवळचा जाड भाग रेंगाळतो. हाताला काहीही कळत नाही. काट्याला कळतं.

स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा डिजिटल काटा पुरतो. दांड्याखाली आकडा झाकला जातो, म्हणून काट्याच्या ताटलीवर एक वाटी पालथी घाला, शून्य करा आणि मग धनुष्य तोलून ठेवा. आकडा तारखेसकट मुठीवरच पेन्सिलीने लिहा. कागद हरवतो. भाजण्याआधी एकदा, फर्म्यातून काढल्यावर एकदा, मग रोज एकाच वेळी. सलग तीन दिवस आकडा हलला नाही की लाकूड तयार. भाजण्याआधीचा आकडा परत येईल म्हणून वाट पाहू नका, तो येत नाही. भाजलेलं लाकूड पूर्वीएवढी ओल धरत नाही. बहुतेकदा आठवडा ते दोन आठवडे लागतात. ‘चार दिवस झाले, बास झालं’ हे चालणार नाही. वजन बघा.

खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास हवी, साधा आर्द्रतामापक आणा. विदर्भात मे महिन्यात उघड्यावर ठेवलेलं लाकूड ५ टक्क्यांच्या वर चढतच नाही. वजन थांबतं, पण कोरडेपणीच थांबतं, आणि तिथेच फसगत होते. तेव्हा ते कूलरच्या खोलीत ठेवा, झोतासमोर नको. कोकणात जुलैमध्ये उलटं होतं. लाकूड इतकं पाणी पितं की वाकवलेली कमान तशीच बसते. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

वजन थांबलं? मग पुढे. उन्हात पाठ तिरपी धरून बोट फिरवा. उचकटलेली शीर असेल तर थांबा. भाजताना पीळ पडलाय का, ते टोकापासून टोकापर्यंत सुतळी ताणून बघा. ती मुठीच्या मधोमध गेली पाहिजे. खाचा, दोरी हे सांगायला नको. कानस आणि रंधा लांब ठेवा. भाजलेला थर काही मिलिमीटरचाच असतो. जाड खरवडलंत तर भाजलेलं सगळं भुश्यात जाईल. खरवडायचा पत्रा आणि पेन्सिल, एवढंच. मुख्य आकार भाजण्याआधीच आलेला हवा.

भिंतीवरच्या फळीवर मूठ बसवा, मागे इंचाइंचाच्या रेघा, खाली कप्पी, दोरीला बॅगा तोलायचा हुकाचा काटा. दोर ओढताना धनुष्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. चष्मा लावा. भाजल्यावर ओढीचं वजन वाढलेलं असतं, म्हणून आधी लांब, सैल दोरीवर हळूहळू. ४० पौंड झाले की थांबायचं, मग ओढ १८ इंचच का असेना. न वाकणारी जागा पेन्सिलीने भरा आणि फक्त तीच खरवडा. जास्त वाकणाऱ्या जागेला हात लावू नका. पत्र्याचे दहा-बारा हात, मग तीस वेळा अर्धवट ओढ, मग बघा. खरवडल्यावर लाकूड लगेच खरं बोलत नाही. पोटावर केसासारख्या आडव्या रेघा दिसल्या तर तिथे लाकूड चिरडतंय. त्या जागेच्या दोन्ही बाजू हलक्या करा.

दोन्ही भुजा सारख्या वाकल्या की छोटी दोरी ताणून लावा, मुठीपासून ६ इंचावर. खालची भुजा किंचित कडक. फळीवर २७ इंचांवर थांबा, शेवटचा इंच हाताने. ओढून धरून ठेवू नका. कडा गोल, पॉलिश पेपर, जवसाचं तेल किंवा लाखेचं पॉलिश. पॉलिश आधी लावून ठेवू नका, ओल आत शिरायला वाट राहत नाही.

आणि मध्ये पुन्हा हीट गन लावलीत, अगदी एखादं टोक सरळ करायला, तर पुन्हा काट्यावर.