यमाला आधी पाणी विचारा

यमावर विनोदी शॉर्टफिल्म करायची तर मुकुट, पीळदार मिशा आणि गडगडाटी हसण्यापासून सुरुवात करू नका. मी पहिल्यांदा तसंच केलं होतं. लोक पोशाखाला अर्धा मिनिट हसले आणि मग त्यांनी मोबाइल काढले. दुसऱ्या वेळी यम साध्या धोतरात आला. खांद्यावर काळं घोंगडं, हातात सुंभाचा फास. नटाला एकच सांगितलं: तू विनोद करायचा नाहीस, तू कामावर आला आहेस.

हसू घरातल्या माणसांकडून येतं. आपल्याकडे दारी आलेल्याला आधी पाणी विचारतात. यमालाही पाहुण्याचं मोल ठाऊक आहे. कठोपनिषदात नचिकेता त्याच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला, म्हणून यमाला तीन वर द्यावे लागले. सावित्रीनं तर त्याला त्याच्याच शब्दात धरलं. दिलेला शब्द मोडता येत नाही, ही त्याची खरी अडचण आणि तुमच्या गोष्टीचा आधार. माझ्या गोष्टीतली आजी म्हणते, "माझा चहा होईपर्यंत थांबा हं." यम "बरं" म्हणतो. मग ती दर वेळी कपात एक घोट ठेवते.

मधेच ती विचारते, "दर धनत्रयोदशीला तुमच्यासाठी कणकेचा दिवा लावते, दक्षिणेकडे तोंड करून. पोचतो ना?" इथं कॅमेरा आजीवर नको, यमावर हवा. निदान चार सेकंद. हे त्याला आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

रेडा दाखवू नका. चित्रीकरणात जनावर वापरायला परवानगी लागते, आणि अंगणातून नुसती घंटा ऐकू आली, शेजारी "आमचा कडबा कुणी खाल्ला?" म्हणून ओरडला, की रेडा दिसतोच.

पटकथा सहा पानांपुढे नेऊ नका. पानाला साधारण एक मिनिट धरा. मोबाइलवर सेकंदाला 25 फ्रेम (चित्रं) आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड मिळण्याचा वेळ, 1/50 सेकंद ठेवा, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे. नाहीतर ट्यूबलाइट पडद्यावर लुकलुकते. आवाजात घरघर येऊ नये म्हणून पंखा आणि फ्रिज बंद करा. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही.

विनोद आजारावर नको, गेलेल्या माणसावर तर नकोच. माझी आजी त्याच वर्षी गेली होती, म्हणून संहिता आधी आईला वाचून दाखवली. एका वाक्यापाशी तिनं मान फिरवली. ते वाक्य मी तिथंच खोडलं. घरात नुकतंच कुणी गेलेलं असेल अशा एका माणसाला तुम्हीही आधी वाचून दाखवा.

शेवटी आजी आपणहून तो उरलेला घोट पिते. तिथं संगीत घालू नका. कप बशीत ठेवल्याचा आवाज वेगळा, माइक अगदी जवळ धरून घ्या. आम्ही तो अकरा वेळा घेतला. बशी चिनीमातीचीच हवी. स्टीलची फार खणखणते.