आफ्रिकन व्हायोलेट: मान टाकली म्हणून लगेच पाणी घालू नका

पानांनी मान टाकली की आपला हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जातो. आफ्रिकन व्हायोलेट या घरात कुंडीत वाढवायच्या फुलझाडाच्या बाबतीत हाच हात आधी आवरायचा आणि मातीत बोट घालून पाहायचं. माती कोरडी असेल तर रोप तहानलेलं आहे. पाणी द्या, सावरेल. माती ओली असूनही पानं लोळली असतील तर मुळं कुजलीत, आणि आणखी पाणी घातलं तर उरलीसुरलीही जातील. दोन्ही अवस्था वरून सारख्याच दिसतात, घोटाळा तिथेच होतो.

कुजलेलं रोप कुंडीतून काढा. तपकिरी, मऊ मुळं कापून टाका. मधला गाभा घट्ट असेल तर जेमतेम ओलसर अशा ताज्या मिश्रणात (ते कसं करायचं ते पुढे आहे), छोट्या कुंडीत लावा. वरून पारदर्शक पिशवी सैलसर झाका, उन्हात मात्र ठेवू नका. गाभाच मऊ झाला असेल तर त्या रोपाचा नाद सोडा आणि धडधाकट दोन-तीन पानं वाचवा. देठ दोन-तीन सेंटीमीटर ठेवून तिरका कापायचा आणि ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) यांच्या मिश्रणात खोचायचा. दोन-तीन महिन्यांत बुडाशी पिल्लं फुटतात. पाकळ्यांवर मधोमध पट्टे असलेल्या ‘कायमेरा’ जाती मात्र पानापासून सहसा तशाच येत नाहीत.

हे रोप मूळचं पूर्व आफ्रिकेतलं. टांझानियाच्या उसांबारा डोंगरांत ते दाट सावलीत, शेवाळलेल्या खडकांच्या फटींत वाढतं. तिथे असलेल्या जर्मन अधिकारी वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर यांच्यामार्फत ते जर्मनीत पोचलं आणि १८९३ मध्ये त्यांच्याच नावावरून सेंटपॉलिया झालं. फटीत माती ती किती असणार? म्हणून याची मुळं बारीक आणि उथळ. नर्सरीतली लाल माती आणि शेणखत याला जड पडतं. कोकोपीट, परलाइट आणि व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं हलकं खनिज) सारख्या प्रमाणात घ्या. कुंडीची रुंदी रोपाच्या घेराच्या साधारण एक तृतीयांश पुरते. ‘वाढेल म्हणून’ मोठी कुंडी घेणाऱ्यांना आधी फुलांची वाट पाहावी लागते, मग कुजीशी गाठ पडते.

पाणी खालून द्यायचं. कुंडी ताटलीतल्या पाण्यात अर्धा तास ठेवा, उरलेलं ओतून द्या. मात्र सतत खालूनच दिलं तर खताचे क्षार वर साचतात, म्हणून महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी सोडून निथळू द्या. पानांवर पिवळट-पांढरी वलयं उमटली तर बुरशीनाशक शोधू नका. ते बहुधा गार पाण्याचे डाग असतात आणि जात नाहीत. पाणी खोलीच्या तापमानाचंच हवं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात कुंडी लवकर वाळत नाही, तेव्हा ‘दर रविवारी पाणी’ असले नेम मोडा.

फुलं येत नाहीत? बहुतेकदा उजेड कमी पडतो. पानांचे देठ लांबून वर ताणले गेले असतील तर खात्रीच समजा. पूर्वेच्या खिडकीजवळ, जाळीच्या पडद्याआड चांगली जागा मिळते. एलईडीखाली ठेवलंत तर बारा तास पुरेत. रात्रीचा अंधारही लागतो. उलट पानं फिकट पडून करपली तर उजेड जास्त होतोय. विदर्भातल्या उन्हाळ्यात फुलांचा हट्ट धरू नये, रोप जगलं तरी पुष्कळ.

खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौथाई द्या. बगलेतून फुटणारे जादा फुटवे खुडा, नाहीतर गाभे अनेक होतात आणि फुलं कमी.

मधली नवी पानं बारीक, कडक, राखाडी आणि आकसलेली येऊ लागली तर कोळी किडीचा (माइट) संशय घ्या. ती डोळ्यांना दिसत नाही आणि हातांवरून शेजारच्या कुंडीत जाते. एकाच रोपाला लागण झाली असेल तर उपचारांच्या भानगडीत न पडता ते पिशवीत बांधून टाकून द्यावं, असं माझं मत. मग हात धुवा आणि बाकीच्या रोपांचे गाभे पुढचे काही आठवडे तपासत राहा.